बेंजामिन फ्रँकलिन : समुद्राचा एक जिज्ञासू विद्यार्थी

जगात जे पुरुष मोठ्या पदास चढले त्यांची चरित्रे वाचली असता एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. आरंभी त्यांच्या हाती साधने फारच थोडी होती. परंतु जी होती त्यांचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला. अमेरिकेचे सुप्रसिद्ध देशभक्त व शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन हे अशा पुरुषांपैकी एक होत. विजेच्या कडकडाटात पतंग उडविणारा मनुष्य म्हणून त्यांचे नाव आपल्या शाळेतील लहान मुलांसही ठाऊक आहे. परंतु ह्याच पुरुषाने समुद्राचे अनेक नियम पाण्याचा पेला, लाकडी पन्हळ आणि चमचाभर तेल एवढ्या साहित्यावर शोधण्याचा यत्न केला, ही गोष्ट फारशी कोणास माहीत नसते. म्हणून त्यांच्या चरित्राचा हा भाग आपल्या वार्षिकाच्या वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

आपले केज गाव बालाघाटाच्या पठारावर वसलेले आहे. पश्चिमेकडील समुद्र येथून तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. आपल्या मांजरा नदीचे पाणी गोदावरीस मिळून अखेर बंगालच्या उपसागरास जाते खरे. परंतु समुद्र प्रत्यक्ष पाहून आलेले विद्यार्थी एकेका वर्गात थोडेच निघतील. त्यामुळे सागरप्रवाह, लाटा, भरती-ओहोटी हे भूगोलातील धडे आपण बहुधा पाठ करतो, परीक्षेत उतरवून देतो आणि मग विसरून जातो. जे डोळ्यांनी पाहिले नाही ते समजणार तरी कसे, असे पुष्कळ पालकही म्हणतात. फ्रँकलिन यांचे चरित्र ह्या शंकेचे उत्तमच उत्तर आहे.

बेंजामिनचा जन्म इ. स. १७०६ च्या जानेवारी महिन्याच्या १७ व्या तारखेस बोस्टन ह्या बंदराच्या शहरी झाला. त्याचा बाप जोसाया फ्रँकलिन हा चरबीच्या मेणबत्त्या व साबण करून विकीत असे. घरात एकंदर सतरा अपत्ये. त्यांत बेंजामिन हा पंधरावा व मुलग्यांमध्ये सर्वांत धाकटा. एवढ्या मोठ्या कुटुंबात शिक्षणावर खर्च तो किती होणार? मुलास जेमतेम दोन वर्षे शाळेत घालून, दहाव्या वर्षी बापाने त्याला आपल्या दुकानात वाती कापण्याच्या कामास लाविले. मुलाचे मन मात्र तेथे रमेना. घराजवळ समुद्र, बंदरात देशोदेशीची गलबते; आपणही खलाशी व्हावे असे त्यास सारखे वाटे. परंतु त्याचा एक थोरला भाऊ असाच समुद्रावर निघून गेला होता व पुढे समुद्रातच नाहीसा झाला होता. ते दुःख बापाच्या अंतःकरणात ताजे असल्यामुळे त्याने ह्या मुलास परवानगी दिली नाही.

समुद्रावर जाणे नशिबी नव्हते तरी पाण्याशी त्याची मैत्री लहानपणीच जडली. तो पट्टीचा पोहणारा होता. अधिक वेगाने पोहता यावे म्हणून त्याने चित्रकाराच्या रंगफळीसारख्या दोन लाकडी फळ्या केल्या, त्यांस अंगठ्यासाठी भोके पाडली आणि त्या हातांत धरून तो पाणी मागे लोटू लागला. वेग वाढला, पण मनगटे दुखू लागली, हेही त्याने ध्यानात घेतले. एकदा पतंग उडवीत असता तो तलावात उतरला, दोरीची काठी हाती धरून पाठीवर उताणा पडला, आणि वाऱ्याने पतंगाबरोबर त्यालाही सुमारे मैलभर रुंदीच्या त्या तलावापलीकडे ओढून नेले. वाऱ्यामध्ये किती बळ असते हे त्याने पुस्तकात वाचण्यापूर्वी आपल्या अंगावर अनुभविले होते.

बाराव्या वर्षी बेंजामिन आपल्या जेम्स नावाच्या भावाच्या छापखान्यात उमेदवार म्हणून राहिला. तेथे खिळे जुळविता जुळविता त्याने वाचनाचा मोठा व्यासंग केला. पुढे भावाचे व त्याचे पटेना, तेव्हा १७२३ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तो घर सोडून फिलाडेल्फिया शहरी गेला, व तेथून पुढील वर्षी छापण्याच्या कलेत प्रवीण होण्यासाठी लंडनला पोहोचला. १७२६ साली तो जहाजाने परत निघाला. ह्या प्रवासास अकरा आठवड्यांहून अधिक काळ लागला. इतर उतारू कंटाळून गेले, परंतु वीस वर्षांचा हा तरुण रोजनिशी लिहीत बसला. उडणारे मासे, चंद्र-सूर्यांची ग्रहणे, वाऱ्याची दिशा, सर्व काही त्याने टिपून ठेविले. पाण्यावर तरंगत आलेल्या समुद्रवनस्पतीचा एक झुबका उचलून, त्यावरील बारीक खेकड्यांचे पुढे काय होते हे पाहण्यासाठी त्याने तो खाऱ्या पाण्यात घालून ठेविला. समुद्राचा लहानसा अंश भांड्यात घेऊन त्याचे निरीक्षण करण्याची त्याची ही सवय पुढे जन्मभर टिकली.

फिलाडेल्फियास परतल्यावर फ्रँकलिन यांचा उत्कर्ष झपाट्याने झाला. त्यांनी १७२८ साली भागीदारीत स्वतःचा छापखाना काढिला, पुढील वर्षी वर्तमानपत्र हाती घेतले व १७३२ पासून एक पंचांग प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. ते घरोघरी वाचले जाऊ लागले. १७३१ साली त्यांनी वर्गणीने चालणारे ग्रंथालय स्थापिले. आग विझविणाऱ्यांची मंडळी व तरुणांसाठी विद्यालय ह्यांच्या स्थापनेतही ते पुढे होते. ते विद्यालयच आज पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ म्हणून नांदत आहे. प्रसिद्ध धर्मोपदेशक जॉर्ज व्हिटफील्ड हे १७३९ साली त्या शहरी आले, तेव्हा हजारो लोक त्यांचा उपदेश ऐकण्यास उघड्यावर जमत. फ्रँकलिन यांची धर्ममते व्हिटफील्ड यांच्याहून निराळी होती, तरी दोघांचा स्नेह अखेरपर्यंत टिकला. एका उपदेशाच्या वेळी फ्रँकलिन गर्दीतून पाठमोरे हळूहळू मागे सरत गेले. आवाज कोठपर्यंत स्पष्ट ऐकू येतो ते त्यांनी पाहिले, आणि तेवढ्या अंतराच्या अर्धवर्तुळात किती माणसे मावतील ह्याचे गणित केले. उत्तर तीस हजारांहून अधिक आले. वर्तमानपत्रात छापलेल्या मोठमोठ्या आकड्यांवर आपला विश्वास त्यानंतर बसला, असे त्यांनी लिहून ठेविले आहे. मोजून पाहिल्याशिवाय मानावयाचे नाही, हा त्यांचा स्वभावच होता.

१७४८ साली, बेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी धंद्यातून अंग काढून घेतले व आपला वेळ शास्त्राभ्यासास दिला. विजेवरील प्रयोगांमुळे त्यांची कीर्ती युरोपभर पसरली. १७५३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांस कॉप्ली पदक अर्पण केले व १७५६ मध्ये आपले सभासद करून घेतले. हा भाग सर्वांच्या परिचयाचा असल्यामुळे येथे त्याचा विस्तार करीत नाही.

१७५७ साली लोकांचे प्रतिनिधी म्हणून ते पुन्हा इंग्लंडास निघाले. त्या वेळी ९६ गलबतांचा मोठा तांडा बरोबर होता. त्यांपैकी दोन गलबतांच्या मागील पाणी इतरांपेक्षा गुळगुळीत दिसते, असे फ्रँकलिन यांच्या ध्यानी आले. त्यांनी कप्तानास कारण विचारिले. स्वयंपाक्यांनी तेलकट सांडपाणी नुकतेच बाहेर ओतले असेल, असे त्याने सहज उत्तर दिले. तेलाने लाटा शांत होतात असे प्लिनी नामक प्राचीन रोमन ग्रंथकाराने लिहिले होते, ते फ्रँकलिन यांस आठवले. संधी मिळताच स्वतः प्रयोग करून पाहावयाचा, असा त्यांनी तेव्हाच निश्चय केला.

१७६२ साली परतीच्या प्रवासात एक याहूनही मौजेची गोष्ट घडली. त्यांनी आपल्या खोलीत काचेच्या पेल्याचा एक दिवा टांगला होता. आपल्याकडील काचेच्या हंडीच्या दिव्याप्रमाणेच त्यात खाली पाणी, त्यावर तेल व तेलात वात अशी रचना होती. जहाज डोले तसा दिवा हले. फ्रँकलिन पाहतात तो तेलाचा वरचा पृष्ठभाग शांत, परंतु तेलाखालील पाणी मात्र मोठमोठ्या लाटांनी वरखाली होत आहे! घरी गेल्यावर त्यांनी पेल्यास दोरी बांधून तो झोपाळ्यासारखा हलविला. नुसते पाणी घातले तर ते बर्फासारखे स्थिर राही. वर तेल ओतताच तेल व पाणी ह्यांच्या सीमेवर खळबळ सुरू होई. ह्याचे कारण आपणास पुरते उमगले नाही, असे त्यांनी मित्रास प्रांजळपणे कळविले.

कारण पुढील पिढ्यांना समजले. तेल व पाणी ह्यांच्या घनतेत अंतर फार थोडे असते. म्हणून त्यांच्या सीमेवर उठलेली लाट खाली ओढणारे बळही थोडे पडते, व ती लाट उंच आणि संथ होते. समुद्रातही असेच थर असतात : वर हलके, कमी खारे किंवा उष्ण पाणी, खाली जड, खारे व थंड पाणी. त्यांच्या सीमेवर ज्या लाटा उठतात त्या वरून दिसत नाहीत. १८९३ साली नॉर्वेचे धाडसी प्रवासी नान्सेन यांचे जहाज उत्तर ध्रुवाकडील समुद्रात कोणी मागे ओढून धरावे तसे मंदावले. त्यावर एकमन ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने टाकीत गोड्या व खाऱ्या पाण्याचे थर करून त्यावर लहानशी नाव ओढून पाहिली, आणि नावेची शक्ती ह्या लपलेल्या लाटा उठविण्यात खर्च होते हे १९०४ साली सिद्ध केले. फ्रँकलिन यांच्या दिव्याचा पेला व एकमनची टाकी ही एकाच साखळीची दोन टोके होत.

१७६६ साली फ्रँकलिन आपले मित्र डॉक्टर प्रिंगल यांजबरोबर हॉलंडात कालव्यातून प्रवास करीत होते. एके दिवशी नाव नेहमीपेक्षा हळू चालली होती. यंदा पाऊस कमी, कालव्यात पाणी थोडे, म्हणून नाव जड चालते, असे नावाड्याने सांगितले. नावेचा तळ जमिनीस लागत नव्हता. मग पाणी थोडे असल्याने फरक का पडावा? फ्रँकलिन यांनी इतरांस विचारिले. कोणी होय म्हणाले, कोणी नाही. तेव्हा लंडनला आल्यावर त्यांनी स्वतःच निवाडा करण्याचे ठरविले. रंधलेल्या फळ्यांची चौदा फूट लांब, सहा इंच रुंद व सहा इंच खोल अशी एक पन्हळ केली. पाण्याची खोली हवी तशी कमीजास्त करता यावी म्हणून तिच्या आत एक सुटी फळी बसविली. सहा इंच लांबीची लहानशी नाव पाण्यात सोडून तिला रेशमी दोरा बांधिला, दोरा कप्पीवरून घेतला व त्याच्या टोकास एका शिलिंगाचे वजन लाविले. सेकंद दाखविणारे घड्याळ जवळ नव्हते. म्हणून एक ते दहा आकडे होता होईल तितक्या जलद पुन्हा पुन्हा मोजून, किती दहा झाले ते बोटांवर धरिले. प्रत्येक खोलीस आठ आठ वेळा प्रयोग करून सरासरी काढिली. दीड इंच खोलीस १०१, दोन इंचांस ८९ आणि साडेचार इंचांस ७९ असे आकडे आले. म्हणजे तेच अंतर उथळ पाण्यातून जाण्यापेक्षा खोल पाण्यातून जाण्यास एकपंचमांशाहून काहीसा अधिक वेळ वाचला. नाव पुढे जाताना जे पाणी बाजूस सारते त्यास तळाखालून व बाजूंनी मागे येण्यास वाट हवी. ती वाट अरुंद झाली की नावेस अडथळा होतो, हे त्यांनी दाखवून दिले. अशिक्षित नावाड्याचे बोलणे खरे ठरले.

विद्यार्थी मित्रहो, ह्या प्रयोगात असे काय आहे की जे आपल्या शाळेत होऊ शकणार नाही? एक पत्र्याची पन्हळ, एक दोरा, एक नाणे व मोजण्याची चिकाटी, एवढेच. त्याच पन्हळीचे एक टोक किंचित उचलून खाली ठेवा. पाण्यात एक लांब लाट उठून दुसऱ्या टोकाकडे धावेल. पाण्याची खोली चौपट केली तर तिचा वेग दुप्पट होतो, हे तुम्हांस स्वतः मोजता येईल. २००४ सालच्या डिसेंबरच्या २६ व्या तारखेस जी त्सुनामी लाट आपल्या पूर्व किनाऱ्यावर येऊन आदळली, ती खोल महासागरात विमानाच्या वेगाने धावली व किनाऱ्याच्या उथळ पाण्यात मंदावून उंच झाली. तिचा नियम व तुमच्या पन्हळीतील लाटेचा नियम एकच होय.

आता फ्रँकलिन यांच्या समुद्रविषयक कार्यातील सर्वांत प्रसिद्ध प्रकरणाकडे वळू. ते १७५३ पासून अमेरिकेतील वसाहतींच्या टपालखात्याचे उपप्रमुख होते. १७६८ च्या सुमारास त्यांजपुढे एक तक्रार आली. इंग्लंडच्या फाल्मथ बंदरातून न्यूयॉर्कला येणाऱ्या टपालाच्या जहाजांस, लंडनहून ऱ्होड आयलंडास येणाऱ्या व्यापारी जहाजांपेक्षा साधारण पंधरवडाभर अधिक लागतो, असे का? अंतरात तर एका दिवसाच्या वाटेइतकाही फरक नव्हता. त्या वेळी टिमथी फोल्जर नावाचे एक कप्तान लंडनमध्ये होते. ते नॅन्टकेट बेटाचे राहणारे व मातुल घराण्याकडून फ्रँकलिन यांचे आप्त. ह्या बेटावरचे लोक देवमाशांची शिकार करीत. फोल्जर यांनी सांगितले की, महासागरात गल्फ स्ट्रीम नावाचा एक मोठा प्रवाह ईशान्येकडे वाहतो. देवमासे त्याच्या कडेकडेने राहतात, आत येत नाहीत, म्हणून आम्हां शिकाऱ्यांस त्याची वाट ठाऊक आहे. टपालाची जहाजे त्या ताशी तीन मैलांच्या प्रवाहाविरुद्ध झगडताना आम्ही पाहतो व त्यांस बाजूस होण्याचा सल्लाही देतो. परंतु साध्या मच्छीमारांचे ऐकणे त्या कप्तानांस कमीपणाचे वाटते.

फ्रँकलिन यांनी फोल्जरकडून तो प्रवाह नकाशावर काढून घेतला, तो छापविला व त्याच्या प्रती फाल्मथच्या कप्तानांकडे धाडिल्या. कप्तानांनी त्यांची उपेक्षा केली. ज्ञान दाराशी आले असता केवळ ते आणणाऱ्याचा वेष साधा म्हणून ते परत लावणे, हा अहंकार सर्व देशांत सारखाच आढळतो. कोकणातल्या कोळ्यास विचारा. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण व अष्टमीच्या सुमाराचा भांग ही त्यास तिथीवरून अचूक सांगता येतात. त्याने भूगोलाचे पुस्तक उघडले नसेल, परंतु ज्या पाण्यावर त्याचे पोट आहे ते त्याने रोज वाचले आहे. फोल्जरच्या त्या पहिल्या नकाशाच्या प्रती पुढे नाहीशा झाल्या असे मानले जाई. १९७८ साली त्यांतील दोन पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सापडल्या, आणि प्रवाहाची वाट त्यात चांगल्या रीतीने दाखविली आहे, असे आधुनिक शास्त्रज्ञांस दिसून आले.

तेलाच्या प्रयोगाची संधीही ह्याच काळात आली. लंडनजवळ क्लॅपम येथील एका तळ्यावर वाऱ्याने लाटा उठल्या होत्या. फ्रँकलिन यांनी ज्या बाजूने वारा येत होता तेथे एक लहान चमचाभर तेल ओतले. ते पाहता पाहता पसरत गेले व सुमारे अर्ध्या एकराचे पाणी आरशासारखे स्वच्छ झाले. मग जेथे जातील तेथे प्रयोग करावा म्हणून ते आपल्या बांबूच्या काठीच्या पोकळ पेरात तेल भरून नेऊ लागले. चमचाभर तेल अर्ध्या एकरावर पसरले तर त्या थराची जाडी किती, हे गणित त्यांनी केले नाही. आपण केले तर मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले असता त्यांपैकी सुमारे दोन भाग इतकी ती येते. म्हणजे तेलाच्या एका रेणूच्या लांबीएवढीच. पुढे शंभर वर्षांनी जर्मनीत आग्नेस पोकेल्स नावाच्या एका तरुणीने, विद्यापीठाचे दार तिला बंद असता, स्वयंपाकघरातील भांड्यावर पाण्याच्या पृष्ठभागाचे सूक्ष्म प्रयोग केले, व ते १८९१ साली इंग्लंडच्या नामांकित शास्त्रीय नियतकालिकात छापून आले. आपल्या मुलींनी हे नाव अवश्य ध्यानात ठेवावे. पिण्याच्या पाण्याच्या तलावावर तेल टाकणे योग्य नव्हे. परंतु घरी परातीत पाणी घेऊन त्यावर मिरपूड भुरभुरावी व मध्ये करडईच्या तेलाचा टिपूस सोडावा, म्हणजे मिरपूड क्षणात काठाकडे पळालेली दिसेल.

१७७३ च्या ऑक्टोबरात पोर्ट्समथ येथे त्यांनी हाच प्रयोग खुद्द समुद्रावर मोठ्या प्रमाणावर केला. किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटा तेलाने शांत झाल्या तर नावेतून उतरणाऱ्यांचे प्राण वाचतील, असा हेतू होता. कप्तान, विद्वान मित्र, सर्व जमले. नावेतून तेल ओतीत राहिले. पाण्याचा लांब पट्टा गुळगुळीत झाला, परंतु किनाऱ्यावरील लाटांचा जोर तिळमात्र कमी झाला नाही. प्रयोग फसला. हे अपयश लपविण्याऐवजी फ्रँकलिन यांनी ते रॉयल सोसायटीपुढे सविस्तर मांडले व त्याचे कारणही शोधिले : तेल वाऱ्यास नवी सुरकुती उठवू देत नाही, परंतु दूरवरून उठून आलेली मोठी लाट ते मोडू शकत नाही. न साधलेल्या प्रयोगाची खरी नोंद ही साधलेल्या प्रयोगाइतकीच मोलाची असते, हा धडा आपल्या प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्यासारखा आहे. पुस्तकातील उत्तर पाहून आकडे जुळविणारा विद्यार्थी गुण मिळवील, पण सत्य गमावील.

१७७५ च्या वसंतात ते अमेरिकेस परत निघाले. पत्नी डेबोरा काही महिन्यांपूर्वीच निवर्तली होती. दहा वर्षांत त्यांची भेट झाली नव्हती. मायदेशी युद्धाचे ढग जमले होते. अशा मनःस्थितीतही सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत दिवसातून कित्येक वेळा ते उष्णतामापक समुद्रात बुडवून नोंद करीत राहिले. गल्फ स्ट्रीमचे पाणी दोहों बाजूंच्या पाण्याहून उष्ण असते, त्याचा रंग निराळा असतो व त्यावर समुद्रवनस्पती तरंगतात, हे त्यांनी टिपले. आता नावाड्यास प्रवाहात शिरल्याचे काचेच्या एका नळीवरून कळू लागले. वाऱ्याने विषुववृत्ताजवळचे पाणी अमेरिकेच्या किनाऱ्याशी लोटले जाऊन साचते व तेच पुढे वाहू लागते, असे त्यांचे अनुमान होते. आज आपणास पृथ्वीचे फिरणे इत्यादी आणखी कारणे ठाऊक आहेत. तरी वारा हे मुख्य बळ, ही गोष्ट खरी ठरली.

यानंतरची दहा वर्षे राष्ट्रकार्यात गेली. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्यांची सही आहे. १७७८ चा फ्रान्सशी तह व १७८३ चा इंग्लंडशी तह ह्यांत त्यांचा हात आहे. युद्ध ऐन भरात असता, १७७९ साली, त्यांनी अमेरिकन लढाऊ जहाजांस लिहून कळविले की, कप्तान कुक यांचे संशोधनाचे जहाज भेटल्यास ते शत्रूचे असले तरी त्यास धक्का लावू नये. कुक त्यापूर्वीच मारले गेले होते, हे त्यांस ठाऊक नव्हते. ज्ञान कोणा एका राष्ट्राचे नसते, ही त्यांची भावना ह्यावरून दिसून येते.

१७८५ साली, एकोणऐंशीव्या वर्षी, ते शेवटची सागरयात्रा करून घरी आले. मूतखड्याच्या व्यथेने शरीर गांजले होते. तरी बरोबरच्या नातलग तरुणाकडून ते पाण्याची उष्णता मोजवून घेत. वरखाली झडपा बसविलेले एक लहान पिंप दोरीने कित्येक वाव खोल सोडून त्यांनी खालच्या पाण्याचीही उष्णता पाहिली. त्याच प्रवासात त्यांनी समुद्रासंबंधी एक दीर्घ लेख लिहिला. त्यात प्रवाहाच्या नकाशाबरोबरच, चिनी लोकांप्रमाणे जहाजात पाणी न शिरणारे निरनिराळे कप्पे करावे, अशीही सूचना होती. दुसऱ्या वर्षी तो प्रसिद्ध झाला.

चरित्र लिहिताना दोष झाकणे योग्य नव्हे. फ्रँकलिन यांच्या घरी अनेक वर्षे गुलाम होते, व त्यांच्या वर्तमानपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात. राजकारणातील विरोधामुळे विल्यम ह्या मुलाशी आलेला दुरावाही त्यांनी अखेरपर्यंत मिटविला नाही. परंतु गुलामगिरीविषयी त्यांचे मत उतारवयात पालटले. १७८७ साली ते गुलामगिरी नष्ट करू पाहणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष झाले, आणि १७९० च्या फेब्रुवारीत, मृत्यूच्या दोनच महिने आधी, त्या संस्थेचा अर्ज आपल्या सहीने त्यांनी राष्ट्राच्या प्रतिनिधिसभेकडे पाठविला. ज्याने आयुष्यभर पुरावा पाहून आपली मते दुरुस्त केली, त्याने हे मत मात्र फार उशिरा दुरुस्त केले. तथापि केले, हेही सांगितले पाहिजे. १७९० च्या एप्रिल महिन्याच्या १७ व्या तारखेस, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. तरुण कारागिरांस कर्ज देण्यासाठी त्यांनी बोस्टन व फिलाडेल्फिया शहरांस प्रत्येकी हजार पौंड ठेविले होते. तो निधी दोनशे वर्षे चालला.

हातांनी प्रयोग करून शिकण्याची ही परंपरा आपल्या मराठी मुलखासही परकी नाही. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे यांनी तरुणपणी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत निरीक्षणाचे काम केले व पुढे पुण्यास डेक्कन कॉलेजात टिळक-आगरकरांसारखे शिष्य शिकविले. आज गोव्यात दोना पावला येथे १९६६ पासून राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था काम करीत आहे. केजच्या मुलामुलींनी तेथे का पोहोचू नये?

सुज्ञ पालकांस एवढीच विनंती की, मूल घंगाळात कागदाची नाव सोडून वाऱ्याच्या दिशेकडे पाहत बसले, किंवा गरम रंगीत पाणी थंड पाण्यावर अलगद ओतून ते वर तरंगते की काय हे पाहू लागले, तर तो वेळ वाया गेला असे समजू नये. जवळ बसून, काय दिसले, किती वेळा दिसले, असे त्यास विचारावे. आणि विद्यार्थ्यांनी हे ध्यानी धरावे की, ज्या ईश्वराने महासागरास त्याची मर्यादा घालून दिली, त्यानेच पेल्यातील पाण्यासही तेच नियम लावून दिले आहेत. पेल्याकडे जो लक्षपूर्वक पाहील, मोजील व पाहिले तसेच खरे सांगील, त्यास समुद्र दूर नाही.